माल्टाची नाणी : एकाच मुंगसामागे दोन राजचिन्हं?

खुर्दा (धागाकर्ता)
रविवार, सकाळी ११:०८

मामाला जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या आठवड्यात मामीने खोली आवरायला काढली आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. मामा मर्चंट नेव्हीत इंजिनियर होता. डब्यात तीसेक देशांची चिल्लर आहे. बहुतेक देशांची दोन-तीन नाणी, माल्टाची मात्र एकोणीस. मामी म्हणाली, जहाज दुरुस्तीसाठी तिथल्या गोदीत लागलं की महिना महिना मुक्काम पडायचा.

माल्टा म्हणजे सिसिलीच्या खाली भूमध्य समुद्रातली दोन-तीन बेटं, सगळी मिळून ३१६ चौरस किलोमीटर. आपली मुंबई उपनगरांसकट त्याच्या जवळपास दुप्पट भरेल. एवढ्याशा देशाने नाण्यांवर किती काय कोंबलंय! १९७२च्या संचात (मिल आणि सेंट ही तिथल्या जुन्या लिरा चलनातली चिल्लर) २ मिलवर आठ टोकांचा क्रॉस, ३ मिलवर मधमाशी आणि पोळं, ५ मिलवर मातीचा जुना दिवा. ही तिन्ही अ‍ॅल्युमिनियमची, कडा नागमोडी, हातात घेतली की आपली जुनी दहा पैशांची नाणी आठवतात. १ सेंटवर वेगळाच एक क्रॉस, २ सेंटवर शिरस्त्राण घातलेली बाई (शोधलं तर अ‍ॅमेझॉनांची राणी पेंथेसिलिया निघाली), ५ सेंटवर दगडी वेदी, १० सेंटवर वल्ह्यांची शाही नौका. ५० सेंट तर दहा कोनांचं आहे, त्यावर कसलं तरी स्मारक.

आता मुद्दा. १ सेंटची आणखी दोन पिवळसर नाणी आहेत, १९८६ आणि १९९१ची. दोन्हींवर तोच मुंगसासारखा प्राणी. आकार तोच, रंग तोच. उलटी केली की एकावर होडी, उगवता सूर्य, निवडुंग, फावडं आणि दाताळं; दुसऱ्यावर ढाल, वर मुकुट, खाली दोन फांद्या. देश एक, किंमत एक, प्राणीही एक. मग पाठीवर दोन निराळी चिन्हं कशी? पाच वर्षांत असं काय घडलं?

फोटो रात्री डकवतो. ५ मिलचं नाणं काल हातात होतं, आज सापडत नाहीये.

---

टांकसाळ्या
रविवार, दुपारी १:३२

भाग्यवान आहात. मुंगूस नाही, वीझल आहे तो. माल्टी भाषेत बालोत्रा.

दोन्ही चिन्हं अधिकृतच, आपापल्या काळात. १९६४ साली देश ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला तेव्हा ब्रिटनची राणी होतीच, म्हणून चिन्हही युरोपी थाटाचं होतं : ढाल, शिरस्त्राण, दोन्ही बाजूंना डॉल्फिन, खाली लॅटिन ब्रीदवाक्य. १३ डिसेंबर १९७४ ला प्रजासत्ताक झालं. डॉम मिंटॉफ यांचं मजूर पक्षाचं सरकार होतं, त्यांनी १९७५ मध्ये ते सगळं काढून तुमच्या १९८६च्या नाण्यावर आहे ते आणलं. होडी म्हणजे तिथल्या कोळ्यांचा लुत्सू, नाळेवर डोळे रंगवलेले असतात. शेतकऱ्याची अवजारं, निवडुंग, सूर्य. राजा नाही, सरदार नाहीत, ढालसुद्धा नाही.

१९८७ ला सत्ता पालटली, नॅशनलिस्ट पक्ष आला. १९८८ मध्ये पुन्हा ढाल-मुकुटाचं चिन्ह आलं, तेच आजही आहे. नाण्यांवर यायला १९९१ उजाडलं. पण जुनी नाणी मागे घेतली नाहीत. म्हणजे नव्वदच्या दशकात माल्टातल्या दुकानदाराच्या गल्ल्यात दोन पक्षांची दोन चिन्हं एकमेकांना घासत पडलेली असायची.

प्राण्याची बाजू मात्र कोणीच बदलली नाही. १९८६च्या संचाच्या त्या बाजू नोएल गालेया बेसन या माल्टी शिल्पकाराच्या : वीझल, ऑलिव्हची फांदी, नदीतला खेकडा, लाम्पुका मासा, आणि सगळ्यात वर १ लिरावर मेरिल पक्षी. चिन्हावरून भांडा, खेकड्यावर दोघांचं एकमत, असा मी त्याचा अर्थ लावतो.

---

आगरी_तडका
रविवार, दुपारी १:५०

नदीतला खेकडा म्हणजे मुठे! मुठ्यांना नाण्यावर जागा देणारा देश मला आत्ताच आवडायला लागलाय. कालवणाचं काय म्हणतात ते?

---

समुद्रकाठची
रविवार, संध्याकाळी ५:१५

कालवण विसरा, तडकाभाऊ. तो खेकडा इथे संरक्षित आहे. या देशात बारमाही नदीच नाही. बिचारे दोन-चार ओढ्यांच्या ओलीत जीव धरून आहेत.

मी स्लिमाला राहते, नर्स आहे, चार वर्षं झाली. लाम्पुका मात्र खाऊ शकता, आणि खाल्लाच पाहिजे. ऑगस्टच्या मध्यापासून हंगाम सुरू होतो. कोळी लोक ताडामाडाच्या झावळ्यांचे तराफे करून समुद्रात सोडतात. मासे सावलीला त्यांच्याखाली जमतात, मग जाळं टाकतात. मासा सावली शोधत येतो आणि घावतो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जरा वाईटच वाटलं. पण इथल्या शेजारणीने लाम्पुक्याचा पाय दिला त्या दिवशी वाईट वाटणं थांबलं. (पाय म्हणजे पीठाच्या पारीत भरून भाजलेला, गैरसमज नको.)

लिरा आता इथे कोणी बघितलेलाही नसतो. १ जानेवारी २००८ पासून युरो आहे. युरोच्या माल्टी बाजूला तीनच चित्रं : १, २, ५ सेंटवर म्नाइद्राच्या मंदिरातली वेदी, १०, २०, ५० सेंटवर ढाल-मुकुटवालं राजचिन्ह, १ आणि २ युरोवर आठ टोकांचा क्रॉस. तीही गालेया बेसन यांचीच. २००६ साली लोकांना विचारून निवडली होती.

मंदिर म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं नाही. कळस नाही, मूर्ती नाही. प्रचंड शिळा, साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वी उभ्या करायला लागलेल्या. विषुवदिनी सूर्योदयाला पहिला किरण दारातून सरळ आत जातो. मी मार्चमध्ये गेले होते. ढग आले. असो.

---

ठोकताळा
रविवार, रात्री ९:०२

टांकसाळ्या यांची माहिती बरोबर आहे, पण "सरदार नाहीत" हे त्यांनी जरा हळहळून लिहिल्यासारखं वाटलं, म्हणून लिहितोय.

ज्याला जग "माल्टीज क्रॉस" म्हणतं तो माल्टी माणसाचा कधीच नव्हता. तो सेंट जॉनच्या सरदारांचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या एका संघटनेचा. हे सरदार जेरुसलेमहून निघाले, ऱ्होड्सवरून हाकलले गेले आणि १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा देऊन टाकला. भाडं काय, तर वर्षाला एक ससाणा. बेटावरच्या लोकांना कोणी विचारलं नाही. पुढची २६८ वर्षं राज्य त्यांचं, १७९८ मध्ये नेपोलियन येईपर्यंत. क्रॉसची आठ टोकं म्हणजे सरदारांच्या आठ शाखा, ज्यांना ते "जिभा" म्हणत : प्रोव्हान्स, ओव्हर्न, फ्रान्स, इटली, आरागॉन, इंग्लंड, जर्मनी आणि कास्टीय-पोर्तुगाल. आठांत माल्टा कुठेय? कुठेच नाही. गुलामांचा बाजार भरायचा व्हॅलेटात, राजधानीत, गलबतांवर वल्ही मारायला साखळदंडातली माणसं असायची. १० सेंटवर ज्या शाही नौकेचं कौतुक आहे, ती ग्रँड मास्टरची, म्हणजे सरदारांच्या प्रमुखाची!

आणि १ सेंटवरचा दुसरा क्रॉस तर ब्रिटिश राजाने दिलेलं पदक. स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांनी काढलेल्या नाण्यावर जुन्या मालकाचं मेडल?

माझ्या मते १९७५चं होडी-फावड्याचं चिन्ह हे एकच त्या देशाच्या माणसांचं होतं. ते दिसायला शाळेच्या चित्रकला स्पर्धेतलं वाटतं, हे मान्य.

---

टांकसाळ्या
रविवार, रात्री १०:२०

हळहळ वगैरे काही नाही हो. पण फावड्याशेजारचा निवडुंग नीट बघा. फड्या निवडुंग. तो मूळ अमेरिकेतला, कोलंबसानंतर जहाजांतून इकडे आला. म्हणजे तुमच्या "एकमेव देशी" चिन्हातलं झाडसुद्धा सरदारांच्याच आगेमागे बेटावर उतरलेलं.

ढालीचा लाल-पांढरा रंग सिसिलीच्या नॉर्मन काउंट रॉजरने १०९१ मध्ये दिला अशी दंतकथा आहे. इतिहासकार ती मानत नाहीत, शाळेतली पोरं मानतात. म्हणजे दंतकथेतसुद्धा रंग बाहेरच्यानेच दिलेला. अशा देशात चोख घरचं चिन्ह शोधायला निघालात तर म्नाइद्राच्या शिळांपर्यंत मागे जावं लागतं, आणि त्या उभारणारी माणसं कोण हेही त्यांच्याबरोबरच गेलं.

१ सेंटच्या पदकाबद्दल : जॉर्ज क्रॉस. १९४२ मध्ये जर्मन आणि इटालियन विमानं बेट भाजून काढत होती, लोक खडकात खोदलेल्या भुयारांत राहत होते, अन्न संपत आलेलं. १५ एप्रिल १९४२ ला सहाव्या जॉर्जने हे शौर्यपदक एखाद्या माणसाला न देता अख्ख्या बेटाला दिलं. तुम्ही मालकाचं मेडल म्हणा, पण भुयारात बसलेली म्हातारी माल्टीच होती. झेंड्याच्या कोपऱ्यात ते आजही आहे, मिंटॉफ यांनी राजचिन्ह पालटलं तरी झेंड्यावरचं पदक राहिलं.

---

समुद्रकाठची
सोमवार, सकाळी ७:४४

रात्रपाळीहून आले, म्हणून थोडक्यात. ठोकताळा, आमच्या वॉर्डात ब्याण्णव वर्षांच्या एक आजी होत्या. लहानपणी भुयारात काढलेल्या दिवसांबद्दल बोलायच्या. १५ ऑगस्टला इथे सान्ता मारियाचा सण असतो. १९४२ मध्ये नेमका त्याच दिवशी ओहायो नावाचा तेलवाहू जहाजाचा सांगाडा, दोन्ही बाजूंनी दुसऱ्या जहाजांना बांधून, बंदरात ओढत आणला होता. तेल आलं म्हणून बेट तगलं. आजींच्या भाषेत ते "सान्ता मारियाचं जहाज". आपण इथली मराठी मंडळी त्याच दिवशी सकाळी झेंडावंदन करतो आणि रात्री त्यांची आतषबाजी बघतो.

आजींना मी जॉर्ज क्रॉस कोणाचा असं विचारलं नाही. विचारायचं सुचलंही नसतं.

---

ठोकताळा
सोमवार, सकाळी ९:३०

पदकाबाबत माघार. क्रॉसबाबत नाही.

---

पेडणेकार
सोमवार, सकाळी ११:१९

आठ जिभांतली शेवटची पोर्तुगालची हे वाचून थांबलो. पोर्तुगीज ग्रँड मास्टर बरेच झाले. मानोएल पिंतो द फोन्सेका १७४१ ते १७७३, चांगली बत्तीस वर्षं बसला होता. त्याच्या ढालीवर पाच चंद्रकोरी, त्याच्या नाण्यांवरही त्या आहेत. व्हॅलेटात आज पंतप्रधानांचं कार्यालय आहे त्या इमारतीच्या दर्शनी भागावर याच पिंतोचा थाट. ठोकताळा यांच्या जिवाला अजून थोडा त्रास.

आमच्याकडची आठवण द्यायचं कारण असं : आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि लगेच टांकसाळ घातली. नाण्यांवर एका बाजूला राजा मानुएलचा गोल, म्हणजे आकाशगोलाचं यंत्र, दुसऱ्या बाजूला ख्रिस्ताच्या सरदारांचा क्रॉस. तोही सरदारांचाच, पण माल्टाच्या सरदारांचा नव्हे, दोन वेगळ्या संस्था. पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानच्या राजचिन्हात चक्र आलं, सेंट कॅथरिनचं. २५ नोव्हेंबरला तिचा सण, गोवा त्या दिवशी पडलं. म्हणजे आमच्या हरण्याची तारीखच चिन्हात घातली होती.

१९६१ नंतर ते सगळं गेलं, कोणी रडलं नाही. आमच्या आजीच्या फडताळात तांब्याचे तांगे (पोर्तुगीज काळातली नाणी) होते, तिने त्यांचा उपयोग लोणच्याच्या बरणीखाली टेकू म्हणून केला. माल्टाने मात्र क्रॉस ठेवला. फरक कुठे पडला, हे मला कळत नाही. कदाचित आमच्याकडे राहायला मोठा देश होता, त्यांच्याकडे ते बेटच.

---

किल्लेदार
सोमवार, दुपारी ३:०५

ढालीवरच्या मुकुटाकडे कोणी बघितलं का? तो राजाचा मुकुट नाहीच. खुर्दा, भिंग घ्या. खाली दगडी बांधकाम दिसेल, वर बुरूज, आणि मध्ये छोटंसं दार. याला तटमुकुट म्हणावं. सोन्याचा, आठ बुरुजांचा, पण समोरून पाचच दिसतात. मधलं दार म्हणजे आपल्याकडची चोरदिंडी, वेढा पडल्यावर बाहेर निसटून हल्ला करायला ठेवलेली. राजा नसलेल्या गावाने, नगरराज्याने, डोक्यावर काय घालावं? आपला तट. ही कल्पना मला फार आवडते. रायगडाच्या डोक्यावर महाराजांचा मुकुट नाही चढवायचा, महाराष्ट्राच्या डोक्यावर रायगड चढवायचा, असं काहीसं.

आणि तट त्यांनी कमावलाय. १५६५ च्या मे ते सप्टेंबर तुर्कांचा वेढा होता. सेंट एल्मोचा किल्ला महिनाभर लढून पडला, बाकीचे टिकले. तुमच्या ५० सेंटवरचं स्मारक त्याच वेढ्याचं, आंतोनियो शोर्तिनो या माल्टी शिल्पकाराने घडवलेलं, १९२७ मध्ये व्हॅलेटात उभं राहिलं. वेढा उठल्यावर ग्रँड मास्टर ला व्हालेतने २८ मार्च १५६६ ला नव्या शहराचा पाया घातला, ते व्हॅलेटा. वेढ्यात सरदार थोडे होते, भिंतीवर माल्टी माणसंच जास्त होती. तेव्हा ठोकताळा, सरदारांचा क्रॉस नको असेल तर नको, पण तट तुमच्याच माणसांचा आहे.

जाता जाता : १ लिरावरचा मेरिल म्हणजे ब्लू रॉक थ्रश. त्याचे भाऊबंद हिवाळ्यात सह्याद्रीत येतात, किल्ल्यांच्या पडक्या तटावर एकटे बसलेले असतात. नर निळसर पाटीच्या रंगाचा. मी राजगडाच्या संजीवनी माचीवर पाहिलाय. आपल्या ओळखीचा पक्षी लांबच्या नाण्यावर भेटला की उगाच बरं वाटतं.

---

खुर्दा
सोमवार, रात्री ८:४१

भिंग घेतलं. बुरूज पाच, मध्ये दिंडी. वाह!

भिंगाखाली आणखी एक दिसलं. ढालीचा उजवा अर्धा भाग उभ्या बारीक रेषांनी भरलाय, डावा कोरा, डाव्याच्या कोपऱ्यात ते पदक. मला आधी वाटलं नाणं झिजलंय किंवा खरवडलंय. मुद्दाम आहे का हे?

---

टांकसाळ्या
सोमवार, रात्री ९:१०

शाब्बास. ही खरी गंमत. नाण्याला रंग नसतो, मग लाल-पांढरं दाखवायचं कसं? सतराव्या शतकात पेत्रा सांक्ता नावाच्या एका जेझुइट पाद्र्याची पद्धत रूढ झाली : उभ्या रेषा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी, कोरं म्हणजे चांदी किंवा पांढरा. तुमच्या हातातलं नाणं पिवळसर असलं तरी ते सांगतंय की माझा डावा भाग पांढरा, उजवा लाल. एकदा ही लिपी कळली की जुनी नाणी, मोहरा, लेटरहेडवरच्या ढाली सगळं रंगीत दिसायला लागतं. (बायको म्हणते, याला व्यसन म्हणतात.)

१९७५च्या चिन्हात ही सोय नाही. तो देखावा आहे, त्यात रंगांची रेषाभाषा चालत नाही. ढाल ही लांबून ओळखू यावी म्हणून जन्मली, रणांगणावर. नाणंही अंगठ्याएवढं, झिजणारं. म्हणून अर्धं लाल-अर्धं पांढरं इतकी साधी ढाल नाण्यावर शतकभर टिकते आणि होडी-फावडं-निवडुंग-सूर्य हे सगळं पंधरा वर्षांत एकमेकांत मिसळून गोळा होतं. तुमच्या १९८६च्या नाण्यावरचं दाताळं ओळखू येतंय का सांगा बरं. राजकारण ठोकताळा यांना लखलाभ, माझा १९७५च्या चिन्हावरचा आक्षेप एवढाच आहे.

---

खुर्दा
सोमवार, रात्री ९:२६

दाताळं कंगव्यासारखं दिसतंय. पहिल्या पोस्टमध्ये दाताळं लिहिलं ते नेटवर वाचून.

---

फिरकी
मंगळवार, सकाळी १०:५५

माझे वडील तंबूत सिनेमा दाखवायचे. प्रोजेक्टरच्या पोटात एक क्रॉसच्या आकाराचं चक्र असतं, त्याच्या खाचेत दुसऱ्या चक्राची खुंटी अडकते, चक्र पाव फेरा फिरून थांबतं, पुन्हा फिरतं. त्या थांबण्यामुळे फिल्मची एकेक चौकट पडद्यावर क्षणभर स्थिर राहते. त्यालाही माल्टीज क्रॉस म्हणतात, आकारावरून. सरदारांना आपल्या क्रॉसवर एक दिवस गावच्या जत्रेतला सिनेमा फिरेल हे माहीत नसणार.

---

गच्चीवरून
मंगळवार, दुपारी १२:१२

आणि सेंट जॉन अँब्युलन्स! आमच्या कारखान्यात प्रथमोपचाराचं शिक्षण घेतल्यावर जे प्रमाणपत्र मिळालं त्यावर हाच आठ टोकांचा क्रॉस. सरदार मुळात जेरुसलेमला यात्रेकरूंसाठी रुग्णालय चालवायचे ना? ठोकताळा, काढा आता त्यातून वाट.

---

ठोकताळा
मंगळवार, दुपारी १:४०

वाट काढत नाही, मान्य करतो. रुग्णालय हे त्यांचं सर्वांत जुनं काम, आणि व्हॅलेटातलं त्यांचं इस्पितळ तेव्हाच्या युरोपात नावाजलेलं. तरीही १ आणि २ युरोवर तो आला तो पर्यटकांच्या टी-शर्टवरून आला, असं माझं मत राहील. जगाने तुम्हाला ज्या खुणेने ओळखलं तीच आपली मानायची. लहान देशांचं बहुधा असंच होतं.

---

टांकसाळ्या
मंगळवार, रात्री ८:५५

टी-शर्टच्या आधी तो नाण्यावर होता. ला व्हालेतच्या १५६७च्या सुमाराच्या तांब्याच्या २ आणि ४ तारींच्या नाण्यांवर या रूपातला आठ टोकांचा क्रॉस दिसतो. बेटावरचा त्याचा जुन्यात जुना पुरावा म्हणून तीच नाणी दाखवतात. २ युरोच्या तर कडेवरसुद्धा तो आहे : २ चा आकडा, दोन क्रॉस, पुन्हा २, असं एकदा सुलट एकदा उलट.

आणि तांब्याच्या नाण्यांचा विषय निघालाच आहे तर मला माल्टाचं सगळ्यात आवडणारं नाणं सांगतो.  वेढ्याने आणि नव्या शहराच्या बांधकामाने चांदी संपली. मजुरांना द्यायचं काय? ला व्हालेतने तांब्याची नाणी पाडली, किंमत चांदीच्या नाण्याची. एका बाजूला एकमेकांत गुंफलेले दोन हात आणि लॅटिनमध्ये चार शब्द : नॉन एस सेड फीदेस. "तांबं नव्हे, विश्वास." पुढे चांदी आली की बदलून देऊ, असा वायदा. आपल्या नोटेवरचं "मैं धारक को" हेच सांगतं, पण हस्तांदोलन करून सांगत नाही.

नाण्यावरची बाकी चिन्हं सांगतात की आम्ही कोण. हे एकच नाणं असं आहे की ते नाणं म्हणजे काय हे सांगतं.

---

किल्लेदार
मंगळवार, रात्री ९:२०

"तांबं नव्हे, विश्वास." आजच्या पुरतं पुरे झालं. वाचनखूण साठवली.

---

पेडणेकार
बुधवार, सकाळी ९:१४

२ मिल, ३ मिल इतकी बारीक नाणी १९७२ मध्ये कशाला लागत होती? लिराचा हजारावा भाग म्हणजे मिल ना?

---

टांकसाळ्या
बुधवार, सकाळी १०:०२

हो. १ लिरा म्हणजे १०० सेंट, म्हणजे १००० मिल. बारीक मोजायची सवय जुनी. सरदारांच्या हिशोबात १ स्कुदो म्हणजे १२ तारी, १ तारी म्हणजे २० ग्रानी. ब्रिटिश आले, त्यांनी आपली पेनी लादली, तेव्हा पेनीला १२ ग्रानी बसायचे. आपल्या आण्याला बारा पै, अगदी तसं. ब्रिटिशांचं सर्वांत लहान नाणं फार्दिंग, पाव पेनी. म्हणजे ग्रानो त्याच्याही तिसऱ्या हिश्शाचा. गरीब माणूस ग्रानोत बाजार करणारा, त्याला फार्दिंगमध्ये सौदा कसा परवडेल? शेवटी लंडनच्या टांकसाळीने खास माल्टासाठी तिसरा हिस्सा फार्दिंगचं नाणं पाडलं. १८२७ पासून १९१३ पर्यंत अधूनमधून निघत राहिलं. साम्राज्याने एका बेटाच्या भाजीबाजारापुढे हात टेकले, असं मला ते नाणं बघितलं की वाटतं. त्यावर माल्टाचं चिन्ह कसलंच नाही, एका बाजूला राजाराणीचं डोकं, दुसऱ्या बाजूला आधी ब्रिटानिया, पुढे मुकुट आणि किंमत.

सरदार बेट सोडून गेले तरी त्यांची संस्था रोममध्ये आहे बरं. देश नाही, पण स्कुदो-तारीची नाणी अजून पाडतात. संग्राहक घेतात. मीही घेतलंय एक, बायकोला सांगू नका.

---

भाबडा_प्रश्न
बुधवार, दुपारी २:३३

छान धागा. या एकोणीस नाण्यांचे आता किती रुपये येतील?

---

टांकसाळ्या
बुधवार, दुपारी २:५०

वाट बघत होतो या प्रश्नाची. चहाचे येतील. चलनातली, वापरलेली, लाखोंनी पाडलेली नाणी आहेत. लिराची नाणी माल्टाच्या मध्यवर्ती बँकेत बदलून घ्यायची मुदत १ फेब्रुवारी २०१० लाच संपली, नोटांची ३१ जानेवारी २०१८ ला. आणि खुर्दा, कोणी लाखाच्या गोष्टी करणारा व्हिडिओ पाठवला तर इथे डकवू नका. आणि कृपा करून नाणी चिंचेने घासू नका!

---

समुद्रकाठची
बुधवार, संध्याकाळी ६:१८

खुर्दा, तुमच्या मामांचं जहाज लागायचं ती गोदी मी रोज बसमधून बघते, पाण्याच्या पलीकडे. पुढच्या महिन्यात पुण्याला येतेय. म्नाइद्रा, हाजार कीम, तार्शीन अशी मंदिरांची २ युरोची खास नाणी २०१६ पासून काढली होती, त्यातली दोन सुट्ट्या पैशांत मिळालीत. तुमच्या डब्यासाठी आणते. बदल्यात एक किलो भाजणी.

---

खुर्दा
बुधवार, रात्री १०:०५

भाजणी पक्की. दोन किलो.

दोन्ही बालोत्रांचे फोटो वर टाकलेत, पाठी शेजारी शेजारी ठेवून. मामीला व्हिडिओ कॉलवर दाखवले. होडीवालं बघून म्हणाली, "हे त्यांच्या खिशात नेहमी असायचं, गाडीच्या किल्लीबरोबर." म्हणून ते इतकं गुळगुळीत, टांकसाळ्याशेठ. दाताळ्याचा कंगवा रेखाटनामुळे झाला नव्हता, निदान या एका नाण्यापुरता तुमचा आक्षेप मागे घ्या.

आणि ५ मिलचं सापडलं. लेकीने भातुकलीच्या देवघरात बाहुलीच्या गणपतीसमोर उभं केलं होतं. दिवा आहे म्हणाली.